राखाडी घरांच्या कर्त्यास

गृहसजावटकार महोदय,

डोंबिवलीतल्या माझ्या मावशीच्या घराचे तुम्ही काढलेले फोटो पाहिले. देखणे आहेत. राखाडी भिंती, राखाडी सोफा, राखाडी लॅमिनेटची कपाटं, छताच्या कडेला लपवलेले दिवे. एकाही फोटोत माणूस नाही. त्या घरात सत्तरी ओलांडलेली दोन माणसं राहतात, मावशी आणि काका. ती कुठे बसणार, बसली तर उठणार कशी, भर दुपारी वर्तमानपत्र कुठे वाचणार, एवढं तुम्ही विचारलं असतं तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

तुमचं नाव मी लिहीत नाही. बदलापूरपासून बाणेरपर्यंतच्या नव्या इमारतींत कुठलंही दार वाजवा, आत हेच घर आहे. त्यामुळे पत्र ज्याचं त्याला बरोबर पोहोचेल.

आधी उजेडाचं बोलू. मावशीच्या हॉलला खिडकी एकच, आणि ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते. आत येणारा उजेड मुळातच थोडा. तो कोपऱ्यापर्यंत पोहोचवायचा तर भिंतींनीच पोहोचवायचा. फोटोग्राफर प्रकाश मोजायला एक राखाडी कार्ड वापरतात. डोळ्यांना ते काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मध्यावरचं वाटतं, पण पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम १८ टक्के परत देतं. चांगली पांढरी भिंत ८० टक्क्यांच्या आसपास परत देते. तुम्ही हॉलच्या चारही भिंतींना जवळपास त्या कार्डाचाच रंग दिलात. परिणाम काय झाला? ऐन वैशाखात, दुपारी बारा वाजता, मावशीच्या घरी ट्यूब लागायची. उजेडाची अशी नासाडी करायला पैसे घेतले जातात, हे मला तुमच्यामुळे कळलं.

तरी डोळा तरुण असता तर निभावलं असतं. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. बाहुली लहान होते, आतलं भिंग पिवळट पडतं, पुढे मोतीबिंदू येतो. अशा डोळ्यांना उजेड जास्त लागतोच, शिवाय एक वस्तू दुसरीपासून वेगळी ओळखायला रंगातला ठळक फरक लागतो. तुम्ही दिलंत काय, तर राखाडी फरशीवर राखाडी सोफा, त्याच्यापुढे काचेचं टेबल, राखाडी भिंतीवर राखाडी बटणं, आणि बाथरूमचा उंबरा आतल्या-बाहेरच्या फरशीच्याच रंगाचा. काकांच्या नडगीवर त्या काचेच्या टेबलाची खूण आहे. मावशी बटण चाचपडत शोधायची. स्वतःच्या घरात चाचपडणं ही काय चीज आहे, हे तुम्ही तेव्हा एकदा रात्री दोन वाजता त्या घरात पाण्याचा तांब्या घ्यायला उठून पाहायला हवं होतं.

मावशीनं तुमच्याकडे एक पिवळी भिंत मागितली होती. तुम्ही हसलात आणि म्हणालात, ‘काकू, आता मॉडर्न लुक असतो. रंग जुनाट दिसतात.’ बाई तुमच्या आईच्या वयाची. ती गप्प बसली, कारण तुमच्या हातात टॅब्लेट होता आणि तिच्या हातात नुसती इच्छा.

मॉडर्न म्हणजे काय, ते मी सांगते. ल कॉर्बुझिए हे नाव तुम्ही शिकताना ऐकलं असेलच. आधुनिक वास्तुकलेचा हा म्होरक्या, चंडीगडचा रचनाकार. त्यानं १९३१ साली सालुब्रा या वॉलपेपरच्या कंपनीसाठी ४३ रंगछटांचा संच तयार केला आणि १९५९ साली त्यात आणखी २० घातल्या. कुठला रंग भिंत मागे ढकलतो, कुठला पुढे आणतो, कुठला खोलीला ऊब देतो, असा हिशेब त्यामागे होता. त्या संचात राखाडीही आहे, आपल्या जागी. मेक्सिको सिटीत लुइस बारागाननं १९४८ साली स्वतःचं घर बांधलं. गुलाबी आणि पिवळ्या भिंतींचं ते घर २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तेव्हा मॉडर्न या शब्दाआड लपू नका. तुम्ही राखाडी निवडलात कारण त्यासाठी घर पाहावं लागत नाही. खिडकी कुठल्या दिशेला, समोर झाड की भिंत, राहणाऱ्यांची वयं काय, यातलं काहीही न बघता तो कुठेही फासता येतो. लॅमिनेटचा तोच नंबर, रंगाचा तोच कोड, थ्रीडी चित्रही तेच, फक्त वरचं नाव बदलायचं.

राखाडीशी माझं वैर नाही. पश्चिमेला मोठी खिडकी असलेल्या खोलीत, संध्याकाळचं ऊन डोळ्यांवर येतं तिथे, फिकट राखाडी भिंत फार सुखाची वाटते. माझं भांडण न पाहता निवडण्याशी आहे.

मावशीचं माहेर वाईचं. तिथून जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, भिंतींवर रंगीत चित्रं असलेला. पण ती झाली सरदारी. मावशीच्या माहेरचं घर चार खणांचं, साधं. भिंतींना नीळ घातलेला चुना, आणि खाली जमिनीपासून हात-दीड हात उंचीचा गेरूचा पट्टा. तो पट्टा कशाला असतो, कधी विचार केलात? भिंतीचा खालचा भाग मळतो. पाण्याचे शिंतोडे तिथे, मुलांचे पाय तिथे, झाडूचे फटकारेही तिथेच. गेरूत ते दिसत नाहीत, आणि दसऱ्याच्या आधी पुन्हा एक हात मारला की झालं. शिवाय जमीन कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते, हे मिणमिणत्या कंदिलातही आजीला स्पष्ट दिसायचं. वर निळसर पांढरा, उजेड खेळवायला. ज्या बायकांनी हे केलं त्यांच्याकडे शेडकार्ड नव्हतं, पण प्रत्येक रंगाला काम नेमून दिलेलं होतं. पणजीच्या फोंतेन्यास वस्तीत फिरा. पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंती आणि दारं-खिडक्यांभोवती पांढऱ्या पट्ट्या. भिंतीत दार कुठे आहे हे गल्लीच्या टोकावरून कळतं. रंग तिथे दिशा दाखवतो.

सामानाचंही तसंच होतं. दिव्याला कोनाडा, भांड्यांना फडताळ, हंड्याला घडवंची, कपड्यांना वलणी आणि दाराशेजारी खुंट्या. प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी हाताच्या उंचीवर. तुम्ही केलेल्या घरात एक खुंटी नव्हती! छत्री कुठे ठेवायची, बाजाराची पिशवी कुठे अडकवायची, काकांची टोपी कुठे? तुम्ही कपाटांना मुठीसुद्धा ठेवल्या नाहीत, दाबलं की उघडतात म्हणे. संधिवाताच्या बोटांनी ती किती वेळा दाबावी लागतात हे मी पाहिलं आहे.

आणि तो सोफा. त्याची बैठक जमिनीपासून जेमतेम चौदा इंच. म्हाताऱ्या गुडघ्यांना उठायला सोयीची खुर्ची सतरा-अठरा इंचांची असते. कुठल्याही सुताराला विचारा, तो टेप न काढता सांगेल. तुमचा सोफा खोलही इतका की पाठ टेकली तर पाय अधांतरी आणि पाय टेकले तर पाठ अधांतरी. काका त्यावर बसायचंच टाळू लागले. ते स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसत. ज्या हॉलवर घरातला सगळ्यात मोठा खर्च झाला, तिथे घरधन्याला बसायला जागा नव्हती. हे लिहिताना मला राग येतो, आणि तो तुम्हाला कळावा असं मला वाटतं.

त्या फॉल्स सीलिंगबद्दलही. राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट असावी, असं राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. मावशीच्या घराची उंची त्याहून बोटभरच जास्त होती. तुम्ही तीतून आठ इंच कापून घेतलेत. का, तर कडेला दिव्यांची पट्टी लपवायची होती. ती पट्टी पहिल्याच पावसाळ्यात अर्धी विझली.

आता आम्ही काय केलं ते ऐका, कारण यातलं काहीही अवघड नव्हतं आणि सगळं तुम्हाला आधीच करता आलं असतं.

छत पांढरं केलं. खिडकीसमोरच्या भिंतीला फिकट पिवळा दिला, मावशीनं मागितला होता तोच. खिडकीतून येणारा उजेड थेट तिच्यावर पडतो आणि तिथून खोलीभर जातो. राखाडीवर फिकट रंग चढवायचा म्हणून रंगाऱ्यानं आधी प्रायमर मारला आणि दोनांऐवजी तीन हात दिले. खिडकी ज्या भिंतीत आहे ती पांढरी ठेवली. रंगीत असती तर उजळ खिडकी आणि काळवंडलेली भिंत यांतल्या फरकानं डोळे दिपले असते. टीव्हीच्या भिंतीला गेरूच्या जवळचा तांबूस. आतल्या दारांच्या चौकटी गडद हिरव्या, आता पॅसेजमधून कुठलं दार कुठे हे लांबून कळतं. बाथरूमच्या उंबऱ्यावर खरखरीत पिवळी पट्टी. बटणांच्या भोवती हिरव्या चौकटी रंगवल्या. ही कल्पना रंगाऱ्याचीच. त्यानं मावशीला चाचपडताना पाहिलं होतं. तुम्ही महिनाभर त्या घरात येत-जात होतात.

सोफा आम्ही टाकला नाही. सुतारानं त्याला खालून चार इंचांचे सागवानी पाय बसवले, बैठकीतला मऊ फोम काढून टणक घातला, आणि पाठीशी लोड ठेवले. वर सोलापुरी चादर, लाल-हिरव्या वेलबुट्टीची. त्या चादरीखाली तुमचा राखाडीही शहाण्यासारखा वागतो, हे मी मोकळेपणानं कबूल करते. काचेचं टेबल गेलं. त्या जागी भिंतीला बिजागऱ्यांनी जोडलेली लाकडी फळी आली. जेवताना उघडायची, एरवी मिटून ठेवायची, चालायची वाट मोकळी. शिवणयंत्र माळ्यावरून उतरवून खिडकीशी आणलं. भिंतीलगत खण असलेला दिवाण घेतला. त्यात पांघरुणं मावतात, दुपारी काका त्यावर आडवे होतात आणि नातवंडं आली की रात्रीची सोय होते. जाड राखाडी पडद्यांच्या जागी हातमागाचं सुती कापड. पांढऱ्याफटक ६५०० केल्विनच्या दिव्यांऐवजी संध्याकाळी २७००-३००० केल्विनचे पिवळसर, आणि वाचायच्या खुर्चीशेजारी एक वेगळा दिवा, ज्याचा उजेड कागदावर पडतो, डोक्यावर नाही. दाराजवळ सहा खुंट्यांची पट्टी. मावशीच्या खांद्याच्या उंचीवर, कारण ती मावशीसाठी आहे.

या सगळ्याला किती लागलं? तुमच्या बिलात फॉल्स सीलिंगची जी एक ओळ आहे, तिच्या रकमेत हे भागलं आणि रंगाऱ्याला दिवाळीचं पाकीटही देता आलं. दहा फूट बाय नऊ फूट भिंतीला दोन हात द्यायला साधारण एक लिटर रंग पुरतो, महोदय. आवडला नाही तर पुढच्या वर्षी बदलता येतो. घर ताजं करण्याचा इतका स्वस्त उपाय हाताशी असताना तुम्ही लोकांना लाखांचं प्लाय आणि प्लास्टर विकता, आणि रंगाला जुनाट म्हणता.

पुढच्या घरी जाल तेव्हा टॅब्लेट गाडीतच ठेवा. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा त्या खोलीत जाऊन नुसते बसा. ऊन कुठे येतं ते पाहा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला खुर्चीतून उठताना पाहा आणि त्या खुर्चीची उंची मोजा. घरातली बाई कुठला रंग मागते ते विचारा, आणि तिनं सांगितलं की हसू नका.

एक काम राहिलं आहे. टीव्हीमागचं तुमचं लाकडी पॅनेल अजून भिंतीवर आहे, त्याच्याभोवतीनं रंग द्यावा लागला. ते उतरवायला सुतार रविवारी येतोय. त्याच्यामागून विजेच्या कुठल्या वायरी कुठून नेल्या आहेत, याचा नकाशा तुम्ही मावशीला दिलेला नाही. तो शनिवारपर्यंत पाठवा. काम तुमचं आहे आणि त्याचे पैसे तुम्ही घेतलेले आहेत.

मावशीची भाची