वऱ्हाडाला शोभेल अशी स्पोर्ट्स कार

वऱ्हाडातल्या हौशी माणसाने जुनी 'सॅन स्टॉर्म' अवश्य घ्यावी. गोव्यात बनलेली, दोन आसनांची, फायबरच्या अंगाची ही गाडी. इंजिन रेनोचं, 1.2 लिटर. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45च्या पुढे असताना छप्पर उघडून बसण्याची सोय दुसऱ्या कोणत्या वाहनात आहे? (ट्रॅक्टरमध्ये आहे, पण त्याकडे कोणी वळून बघत नाही.)

हिचं उत्पादन थांबलंय, म्हणजे सुट्या भागांचा खर्चच मिटला. क्लचची तार ओम्नीची, आरसा ऑटोचा चालेल. तडकलेलं बोनेट कूलरच्या टाक्या सांधणाऱ्याकडे न्यावं. तो फायबरचा लेप देईल, उरलेल्या फिक्या हिरव्या रंगाचा हातही फिरवेल. यालाच 'कस्टमायझेशन' म्हणतात. मिस्त्रींचं निदानही फुकट मिळेल: "कंपनीनं बनवनंच बंद केलं भाऊ, आता गाडी काहून चालन?"

शिवाय विक्रमाची संधी आहे. अमरावती-अकोला महामार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटर एकपदरी डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत उरकलं; गिनीजमध्ये नोंद झाली. तेवढंच अंतर कापायला याहून जास्त वेळ घेणं, मूर्तिजापूरचा मुक्काम धरून, या गाडीला सहज जमेल.

दुरुस्तीची घाई मात्र करू नये. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीपत्राशी विसंगत असे परस्पर बदल करू देत नाही. तेव्हा पाच-सात वर्षं अंगणात उभी असलेली गाडी एखाद्या सकाळी चालू झालीच, तर मालकाने परिवहन कार्यालयाला तसं लेखी कळवावं.