शेपटाकडचा माणूस

लष्कराने मोडीत काढलेल्या जीपा आणि ट्रक विकत घेऊन ते पुन्हा चालते करण्याचा छंद अमेरिकेत चांगलाच रुजलेला असून, 1976 साली स्थापन झालेली मिलिटरी व्हेइकल प्रिझर्वेशन असोसिएशन ही अशा छंदिष्टांची प्रमुख संघटना होय. या संघटनेने 2009 आणि 2019 मध्ये, 1919 च्या एका लष्करी ताफ्याच्या स्मरणार्थ, जुन्या लष्करी वाहनांचे ताफे देशाच्या पूर्वेकडून थेट सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत नेले. अशा ताफ्यात वाहनाच्या मालकाला गावोगावचे लोक हात हलवून दाखवतात आणि त्याची छायाचित्रे काढतात. हा सोहळा ज्यांच्या जिवावर चालतो त्या स्वयंसेवकांकडे मात्र, त्यांचे डोके बहुधा कुणाच्या तरी बॉनेटखाली असल्यामुळे, कोणाचे लक्ष जात नाही.

स्वयंसेवकांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला पुढचा, म्हणजे ताफा निघण्याच्या पुष्कळ आधी साध्या मोटारीने संपूर्ण मार्ग पाहून येणारा. कोणत्या पुलाखालून उंच ट्रक जाणार नाही, कोणत्या पेट्रोल पंपावर लांबलचक रांग मावेल आणि मुक्कामाच्या मैदानावर स्वच्छतागृहे किती आहेत, हे सारे त्याच्या वहीत नोंदलेले असते. त्याच्याविषयी एवढे पुरे, कारण तो शहाणा आहे आणि शहाण्या माणसाचे व्यक्तिचित्र रंगत नाही.

खरा अभ्यसनीय नमुना म्हणजे मागचा स्वयंसेवक. ताफ्याच्या अगदी शेपटाशी, पिकअपला ट्रेलर जोडून, बंद पडलेली वाहने गोळा करत येणे हे त्याचे नेमून दिलेले काम असते आणि या कामासाठी त्याने आपली हक्काची रजा खर्ची घातलेली असते. सर्व वाहने सुरळीत चालत असल्याची वार्ता वायरलेसवर आली की त्याचा चेहरा पडतो. याउलट क्षितिजावर वाफेचा एखादा लोट दिसताच, वरपक्षाकडील मंडळी मांडवाशी आल्याचे कळावे तशी त्याची लगबग सुरू होते.

उन्हाळ्यात त्याची विशेष चंगळ असते. इंजिनाच्या उष्णतेने नळीतल्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन कार्ब्युरेटरकडे जाणारा पुरवठा तुटतो, या प्रकारास ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. आणि त्यावरचा परंपरागत उपाय म्हणजे पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे ओळीने लावणे. हा उपाय चालतो की नाही, यावर छंदिष्टांत कडाक्याचे मतभेद आहेत. मागच्या स्वयंसेवकाजवळ मात्र चिमट्यांची थैली असतेच. तो ते श्रद्धेने लावतो आणि त्यानंतर इंजिन निवेपर्यंत बोलत बसतो, त्यामुळे गाडी सुरू झाल्याचे श्रेय चिमट्यांना मिळते. या अवधीत बॉनेटभोवती आणखी पाचसहा स्वयंसेवक जमलेले असतात, प्रत्येकाचे निदान वेगळे असते आणि त्यात वाहनाच्या मालकाला बोलू दिले जात नाही.

त्याची खरी कसोटी मात्र शुद्धतावादी मालकाशी गाठ पडल्यावर लागते. महिंद्रांनी मुंबईत जुळणी केल्यामुळे मराठी वाचकाच्या परिचयाची झालेली विलीस जीप दुसऱ्या महायुद्धात फोर्ड कंपनीनेही बनवली होती, दोहोंची मिळून संख्या सहा लाखांवर गेली, आणि फोर्डने आपल्या बोल्टांवरसुद्धा ‘एफ’ हे अक्षर उमटवले. परिणामी भर वाळवंटात फोर्डच्या जीपचा बोल्ट तुटला आणि स्वयंसेवकाने तत्परतेने दुसरा काढून दिला, तर मालक तो आधी उलटसुलट करून पाहतो व अक्षर न दिसल्यास अत्यंत सौजन्याने परत करतो. अशा प्रसंगी स्वयंसेवक साधा बोल्ट निमूटपणे बसवतो आणि मुक्कामी पोहोचल्यावर बदलण्याचे वचन देतो. या वचनांची यादी बरीच लांब असते.

बिघाडाविषयीच्या या प्रेमाला ऐतिहासिक आधार आहे. वॉशिंग्टनहून 7 जुलै 1919 रोजी निघालेला मूळ लष्करी ताफा सुमारे 5,200 किलोमीटर अंतर कापून 62 व्या दिवशी, ताशी सरासरी दहा किलोमीटरच्या आसपास वेगाने, सॅन फ्रान्सिस्कोस पोहोचला. वाटेत चिखलात चाके रुतली, लाकडी पूल कोसळले आणि ट्रक दऱ्याखड्ड्यांत घसरले. निरीक्षक म्हणून सोबत असलेले तरुण अधिकारी ड्वाइट आयझेनहॉवर यांच्या मनावर रस्त्यांच्या या दैन्याचा ठसा उमटला, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, 1956 मध्ये, त्यांनी आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली. ते महामार्ग इतके वेगवान निघाले की जुन्या ट्रकांना तेथे चालणे धोक्याचे ठरते, म्हणून या महामार्गांच्या जन्माचे स्मरण करणारा ताफा शक्यतो ते टाळून 1913 साली आखलेल्या लिंकन हायवेचे जुने तुकडे शोधत जातो.

प्रवासाअखेर एक वाद हटकून उपस्थित होतो: ज्या ट्रकाने नेवाडाचा निम्मा भाग ट्रेलरवर बसून पाहिला, त्याने संपूर्ण मार्ग पार केला असे मानावे काय? पुढचा स्वयंसेवक वही काढून नाही म्हणतो. मागचा मात्र 1919 च्या ताफ्यातील ‘मिलिटॉर’ या अवजड ओढयंत्राचा दाखला देतो. रुतलेले ट्रक त्याने वारंवार ओढून काढले होते, तेव्हा जो ट्रक एकदाही ओढावा लागला नाही त्याचीच ऐतिहासिक अचूकता, त्याच्या मते, संशयास्पद ठरते.