क्रमशः भाऊ

तुमच्याही गावात तो आहेच. चहाच्या टपरीवर मोबाइल तुमच्या नाकाशी धरून "भाऊ, एकशेबारावा भाग टाकला, पाच स्टार द्या ना" म्हणणारा. आमच्या चिखलीत त्याला क्रमशः भाऊ म्हणतात. बाजार समितीत एका अडत्याकडे तो मुनीम आहे. दिवसा सोयाबीनच्या काटापट्ट्या लिहितो आणि रात्री व्हँपायरची प्रेमकथा. नायक नायिकेवर मरतो. तो आधीच मेलेला असतो, एवढीच अडचण.

दोन्ही लिखाणांची कधीकधी सरमिसळ होते. एकदा एका शेतकऱ्याच्या पट्टीत त्यानं हमाली कापली, तोलाई कापली आणि 'एकूण देणे'च्या जागी 'क्रमशः' लिहून मोकळा झाला. त्या माणसानं पट्टी उलटीसुलटी करून पाहिली. "बाकीचे पैसे पुढच्या भागात भेटतीन काय बाप्पा?"

घरीही तेच. आई विचारते, जेवायला कधी येतोस? क्रमशः. पाहुणे विचारतात, अडतिशी आली, लग्नाचं काय? क्रमशः. मी उसने दिलेले दोन हजारही गेली तीन वर्षं क्रमशः आहेत.

त्याचा व्हँपायर लोणारच्या सरोवराकाठी राहतो, कारण लवणासुरापासून ती जागा त्या धंद्याला सरावलेली आहे. पहिल्याच भागात तो मेहकरमार्गे एसटीनं येतो आणि मेहकर फाट्यावर उतरतो. मी विचारलं, "वटवाघूळ होऊन उडता येतं, मग एसटी कशाला?"

"सामान असते ना भाऊ. शवपेटी काय पंखावर आनन तो?"

ब्रॅम स्टोकरनं नियम घालून ठेवलाय की घरातल्यानं बोलावल्याशिवाय व्हँपायरला उंबरठा ओलांडता येत नाही. इकडे ओसरीवरून जाणाऱ्या प्रत्येकाला "या, च्या घेऊन जा" म्हणायची रीत. त्यामुळे चौथ्या भागापर्यंत बिचाऱ्याचे सतरा घरी चहा झाले आणि चावायची वेळच मिळाली नाही. लसणाचं तर विचारू नका. नायिकेच्या घरी भाकरीबरोबर ठेचा. नायक दारातून शिंकत परत. हे शिंकणं अकरा भाग चाललं. टपरीवाला शेवटी कळवळून म्हणाला, "पोरीले झपाटलंच असंन तं सैलानीले नेऊन आना ना एकडाव. मोकळं होईन सारं."

मीही एकदा वैतागलो. म्हटलं, हडळ, मुंजा, खवीस, समंध एवढी घरची मंडळी बेकार बसलेली असताना हा परदेशी पाहुणा कशाला?

तो याच प्रश्नाची वाट पाहत होता. "परदेशी कुठला भाऊ? बर्टन साहेबानं 1870 साली वेताळाच्या गोष्टी विलायतेले नेल्या, तवा पुस्तकाच्या नावातच वेताळाचा व्हँपायर करून टाकला. ड्रॅक्युला आला 1897 साली. म्हंजे आपला सत्तावीस वर्षं सीनियर. आन् क्रमशः तरी कोनाचं? पंचवीस भागाची मालिका त्यानंच चालवली. तेबी उलटं लटकून! नारायण धारपांनी 'लुचाई'त व्हँपायरले मराठी शिकवलं. त्याचं लगन लावनं माह्याकडं आलं."

या माणसावर रागावण्यात अर्थ नाही, हे तेव्हा कळलं. आणि आता सांगूनच टाकतो, रात्री साडेअकराला त्याच्या भागाची वाट पाहत मी जागा असतो. पाच स्टारही देतो. बायकोच्या नावानं.

म्हणूनच एक गोष्ट जरा उशिरा ध्यानात आली. इतरांच्या कथांत शिकाऱ्यांकडे क्रूस असतो, अणकुचीदार खुंटी असते. याच्या शिकाऱ्यांकडे पांढरी जीप असते. जीपमध्ये नायिकेचा थोरला भाऊ, दोन मावसभाऊ आणि पुढच्या सीटवर मामा.

"हे शिकारी ओळखीचे वाटतात रे," मी म्हटलं.

"व्हँपायर हाये म्हनून खपते भाऊ. मानूस ठेवला असता तं वाचनाऱ्यानं पयले आडनाव इचारलं असतं."

नव्वदाव्या भागात दोघं विवाह नोंदणीचा अर्ज देतात. विशेष विवाह कायदा, 1954. लग्नाची नोटीस 30 दिवस कचेरीतल्या फळ्यावर लागते, म्हणजे कुणाची कायदेशीर हरकत असेल तर त्यानं घ्यावी. शिकाऱ्यांना मग रक्ताचा माग काढावा लागत नाही. वाचता आलं की पुरतं. तेव्हापासून बावीस भाग झाले, कथेत अजून एकोणतिसावा दिवसच चालू आहे.

परवा मी टपरीवर भडकलो. "अरे, लाव ना लग्न एकदाचं! तिसाव्या दिवशी सूर्य उगवायचाच आहे."

"उगवला की तो मरते ना भाऊ."

मग कपातला चहा ढवळत, मोबाइलकडे न पाहता त्यानं सांगितलं. बारा वर्षांपूर्वी त्यानंही असाच अर्ज दिला होता. आठव्या दिवशी फळ्याचा फोटो तिच्या भावाच्या मोबाइलवर पोचला. संध्याकाळी जीप आली. हिला काही केलं नाही, याला फार मारलं नाही. महिन्याच्या आत तिचं लग्न लागलं, दूर, चांगल्या घरी. एवढंच.

मी पुढच्या शब्दाची वाट पाहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो आला नाही.

विक्रम राजा बोलला की वेताळ झाडावर परत जायचा. मी तर तोंडही उघडलं नव्हतं. तरी तो उठला, चहाचे पैसे कधी नव्हे ते स्वतः दिले आणि काट्यावर पट्ट्या लिहायला निघून गेला.