प्रत कशी आहे?

यवतमाळ जिल्ह्यात ‘ग्रेडर’ हा शब्द काढला की शेतकऱ्याच्या कपाळावर आठी उमटते. दिवाळीनंतर वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजीच्या खरेदी केंद्रांवर कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि ग्रेडरसाहेब येतात. गाडीत कोपरापर्यंत हात घालतात, मूठभर कापूस उपसतात, दोन्ही चिमटींत धरून हळूच ओढतात, धाग्याची लांबी बघतात, मग ओलाव्याचं यंत्र खुपसतात. ओलावा ८ टक्के असेल तर पूर्ण भाव, १२ टक्क्यांपर्यंत कट्टी, त्यापुढे गाडी परत. इथून वादाला तोंड फुटतं. शेतकरी म्हणतो, पहिल्या वेच्याचा माल आहे, दुधासारखा. ग्रेडर म्हणतात, पिवळट झाक आहे, कवडी मिसळली आहे. घरी बघण्यासाठी जुन्या, गाजलेल्या सिनेमांच्या दुरुस्त केलेल्या डिस्क हजारो रुपये मोजून घेणारे जगभरचे रसिकही नेमकं हेच भांडतात. तिथेही रंग ठरवणाऱ्या माणसाला ग्रेडरच म्हणतात, आणि तिथेही तक्रार पिवळट झाकेचीच असते. फरक एवढाच, की वणीचं भांडण संध्याकाळी काटा बंद होईपर्यंत मिटवावं लागतं; डिस्कवाल्यांचं पंधरा-पंधरा वर्षं चालतं आणि शेवटी दोन्ही पक्ष आपापल्या घरी जिंकलेले असतात.

ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही. सिनेमाची फीत मुळात कापसाच्याच घराण्यातली. जिनिंगनंतर सरकीला जी बारीक लव चिकटून राहते, तिच्यावर नायट्रिक आम्लाचा प्रयोग केला की सेल्युलोज नायट्रेट तयार होतं, आणि १९५० च्या सुमारापर्यंत बहुतेक सिनेमे त्याच फितीवर निघाले. हिचा सख्खा, पण जास्त तापट भाऊ म्हणजे गनकॉटन. त्याची नोकरी तोफखान्यात. त्यामुळे ही फीत एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागली, तेव्हा प्रभातच्या काळातल्या कितीतरी फिती अशाच गेल्या. पुढे आलेली ‘सेफ्टी’ फीतही सेल्युलोजचीच, फक्त ॲसेटिक आम्लाच्या संस्कारातली. ती भडकत नाही, आंबते. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला की समजावं, आत पिक्चरचं लोणचं मुरतंय. ‘शोले’च्या मूळ निगेटिव्हचं तेच झालं. तेव्हा या वादात बोलण्याचा अधिकार पॅरिसच्या रसिकाला असेल, तर पऱ्हाटीच्या जिल्ह्याला कच्च्या मालाचे भाऊबंद म्हणून काकणभर जास्तच आहे.

आता मूळ मुद्दा. मराठीने ‘प्रत’ हा शब्द दोन कामांना जुंपला आहे. पुस्तकाची प्रत म्हणजे नक्कल, कापसाची प्रत म्हणजे दर्जा. डिस्कवाल्यांचं भांडण कायम दुसऱ्या अर्थावर होतं आणि त्याचं उत्तर पहिल्या अर्थात दडलेलं असतं. प्रत चांगली की वाईट हे ठरवण्याआधी ती कशाची प्रत आहे, हे माहीत हवं. उदाहरण घरचंच घ्या. १९३३ मध्ये प्रभातला ‘सैरंध्री’ रंगीत करायचा होता. व्ही. शांताराम त्यासाठी थेट जर्मनीला गेले, आणि रंग फसले. समजा, आज त्या सिनेमाची दुरुस्ती करायची आहे. फसलेले रंग तसेच ठेवले, तर गिऱ्हाईक म्हणणार डिस्क खराब. रंग सुधारले, तर १९३३ च्या प्रेक्षकाने कधी न पाहिलेले रंग तिला नेसवले असं होणार. सैरंध्री म्हणजे द्रौपदीच; तिच्या वस्त्रांवरून भरसभेत वाद होण्याची ही पहिली वेळ नव्हे. माझं म्हणणं असं, की यातला कोणताही निर्णय चालेल, पण तो लिहून दिला पाहिजे. बाजार समितीत माल उतरला की काटापट्टी मिळते: वजन किती, भाव काय, कट्टी किती. दुरुस्त केलेल्या सिनेमाचीही तशी पट्टी हवी. ती नसेल, तर दर्जावरचं सगळं भांडण हवेतलं.

यावर पहिला आक्षेप आठवणीचा. ‘पट्टी कशाला? आम्ही हा पिक्चर तेव्हा पाहिलाय, असा नव्हताच दिसत.’ मान्य, पण ‘तेव्हा’ आपण काय पाहिलं? सिनेमाच्या धंद्यात यवतमाळ ‘सीपी बेरार’ या विभागात येतं. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे नाव सरकारी नकाशावरून १९५० मध्येच गेलं, पण वितरकांनी ते एकही ओरखडा न पडू देता जपलं. तेवढी काळजी प्रिंटांची मात्र कोणी घेतली नाही. मोठ्या शहरांत महिनोन्‌महिने घासलेली प्रिंट अमरावतीमार्गे जत्रेतल्या तंबूत पोचायची, तोवर पडद्यावर उभ्या रेघांचा मुसळधार पाऊस सुरू झालेला असे, उन्हाळ्यातही. रिळाच्या जोडावर नायक अर्धं वाक्य गिळायचा आणि खलनायक दार न उघडताच खोलीत यायचा. कार्बनची कांडी जळेल तसा प्रकाश निळसर, पांढरा, पिवळा होत राहायचा, म्हणजे रंगांची ग्रेडिंग मशीनवरचा ऑपरेटर करायचा, तेही विडी ओढता ओढता. १९७२ चा ‘पिंजरा’ २०१६ मध्ये झाडूनपुसून पुन्हा थिएटरात आला, तेव्हा संध्याच्या लुगड्याचा रंग ‘बरोबर’ की ‘चूक’ हे कोणत्या तंबूतल्या आठवणीवरून ठरवायचं? आठवण प्रेमाची वस्तू आहे, राजेहो, पुराव्याची नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. लोकांना स्वच्छ चित्र हवं. ते रवाळ दाणे, तो ग्रेन कोणाला हवाय? काढून टाका. जिनिंगवाल्याला विचारा. कापसातला कचरा काढलाच पाहिजे, पण तो काढताना रुई यंत्रात जास्त पिंजली की धागाच तुटतो आणि लांब धाग्याचा माल आखूड होऊन बसतो. पडद्यावर दिसणारी धूळ, ओरखडे, बुरशी हा कचरा. पण दाणे हा कचरा नव्हे. चित्र त्या दाण्यांचंच बनलेलं असतं. ते पुसले की त्यांच्याबरोबर सुरकुत्या जातात, दाढीचे खुंट जातात, लुगड्याची वीण जाते. २०१७ मध्ये ‘टर्मिनेटर २’ ची फोरके डिस्क निघाली तेव्हा रसिकांची ओरड हीच होती, की चेहरे मेणाचे झालेत. नायक यंत्रमानव आहे हे कबूल, पण मेणाचं यंत्र कसं चालेल? आपल्याकडे याहून सोपी युक्ती असते: चौकोनी चित्र आडव्या टीव्हीत कोंबायचं. १९३६ च्या ‘संत तुकाराम’ची चौकट जवळजवळ चौकोनी. ती ताणून बसवली, तर विष्णुपंत पागनिसांचे तुकोबा तिसऱ्या हिश्शाने रुंद होतात. दुष्काळ, कर्ज आणि उपासतापास सोसलेल्या माणसावर हा आरोप बरा नव्हे. वरून-खालून कापून बसवली, तर चित्राचा जवळपास चौथा हिस्सा जातो, आणि वैकुंठाला निघालेल्या महाराजांचं डोकं त्यांच्याआधी पोचतं. ज्या सिनेमाचा १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, त्याला घरच्या टीव्हीवर अशी वागणूक!

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. दिग्दर्शक म्हणेल ते प्रमाण, वाद मिटला. कोणता दिग्दर्शक, आणि कोणत्या सालचा? १९७१ च्या ‘फ्रेंच कनेक्शन’ची ब्लू-रे २००९ मध्ये आली ती दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनच्या पसंतीच्या फिक्या, धुवट रंगांत. ज्याने कॅमेरा धरला होता, तो ओवेन रॉइझमन जाहीरपणे भडकला. २०१२ मध्ये नवी डिस्क काढावी लागली. एका सिनेमाचे दोन बाप, आणि पोराचा रंग कोणावर गेला यावरून तंटा! ‘शोले’ घ्या. १९७५ मध्ये आणीबाणीतल्या सेन्सॉरने शेवट बदलायला लावला. ठाकूरच्या पायाखालून गब्बर सुटला आणि पोलिसांच्या हाती लागला. फिल्म हेरिटेज फाउंडेशनच्या २०२५ च्या दुरुस्तीत मूळ शेवट परत आला, दिग्दर्शकाच्या मनासारखा. न्याय झाला खरा, पण ५० वर्षं देशाने डोक्यावर घेतला तो सिनेमा कोणता? त्याच वर्षी ‘रांझणा’च्या तमिळ आवृत्तीत हक्क असलेल्या कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून मेलेला नायक जिवंत केला, दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष दोघेही नको म्हणत होते. तेव्हा ‘मालकाने सांगितलं’ हे उत्तर पुरत नाही. शेत एकाचं, पेरलं दुसऱ्याने, वेचलं तिसऱ्याने; मालाबद्दल एकट्यानेच बोलायचं असा कायदा नाही.

म्हणून पुन्हा पट्टीवर येतो. ती मागणं अवास्तव नाही, कारण काहींनी ती दिली आहे. सत्यजित राय यांच्या अपूच्या तीन सिनेमांची निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबला लागलेल्या आगीत होरपळली. इटलीत बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी जळके तुकडे मऊ करून, हाताने सांधून २०१५ मध्ये सिनेमे उभे केले, आणि हिशेबही मांडला: ‘पथेर पांचाली’चा ४० टक्के भाग मूळ निगेटिव्हवरून, ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक, उरलेला इतर प्रतींवरून. याला म्हणतात काटापट्टी. बोलोन्याच्या त्याच लॅबच्या इतर कामांवर पिवळट झाकेचा आरोप आहेच. इटलीतही हळद महाग नसावी. पण जिथे हिशेब दिलेला असतो, तिथे आरोपावर निदान बोलता येतं.

कोणी म्हणेल, पट्टीने भांडण थोडंच मिटतं? नाहीच मिटत. हाँगकाँगच्या वाँग कार-वाईने स्वतःच्या सिनेमांच्या नव्या आवृत्त्यांत रंग बदलले, एकाची चौकटही बदलली, आणि बदलल्याचं उघड सांगितलं. तरी रसिकांनी त्याला सोडलं नाही. पण ते भांडण कशावर आहे हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि शहाण्या माणसाला तेवढं सुख पुरतं. दुसरा कोणी म्हणेल, स्वस्तातल्या मालावर एवढी चिकित्सा कशाला? २००७ च्या सुमारास मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, तिच्यावर काय निगेटिव्हची कुंडली छापायची? का नाही? एक क्विंटल फरदड नेली तरी पट्टी मिळतेच. माल हलका आहे म्हणून कोणी हिशेब तोंडी देत नाही.

तेव्हा डिस्कच्या डब्यावर किंवा मोबाईलच्या पडद्यावर ‘रिस्टोअर्ड’ असं सोनेरी अक्षरात दिसलं, की लगेच वाहवाही करू नका आणि शिव्याही देऊ नका. कोणत्या फितीवरून घेतलं, काय पुसलं, काय कापलं, रंग कोणाला विचारून ठरवले, एवढ्या चार ओळी मागा. प्रत कशी आहे ते मागाहून बघू; आधी कशाची आहे, ते लिहून द्या म्हणावं.