कॉट बेसिसचे नाना

जे घर पाहून बाकीचे नाक मुरडतात, तिथे नाना टोकन देऊन मोकळे होतात. दक्षिणेला दार, सगळ्यात वरचा मजला, पावसाळ्यात बेडरूममध्ये बादली, एवढं जुळून आलं की भाव उतरतो आणि नाना फुलतात. त्यांचं साधं म्हणणं असं, की वास्तुदोष राहणाऱ्याला लागतो, भाडं मालकाला. नऱ्हे गाव पुणे महापालिकेत आलं २०२१ साली. नाना तिथे त्याच्या कितीतरी आधी दोन फ्लॅट घेऊन बसले होते. तिथलं टँकरचं बिल अर्थातच भाडेकरूचं. पाणी तो पितो ना!

सध्या जीव अडकलाय सदाशिव पेठेत. जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या त्यांनी एमपीएससी करणाऱ्या मुलांना ‘कॉट बेसिस’वर दिल्या आहेत. पंख्याखालच्या कॉटचा दर वेगळा, खिडकीजवळच्या कॉटचा वेगळा. दाराजवळची कॉट स्वस्त, कारण पहाटे अभ्यासिकेत पळणारे सगळे तिच्यावरून जातात. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. चिकन आणायचं नाही. गीझर सात ते आठ. मित्र आला तर उभ्याने बोलून जाऊ दे.

मालक म्हणजे खडूस, ही ख्याती मात्र नानांना फार लागते. “मी काय सावकार आहे?” असं कळवळून विचारतात आणि डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापतात. तो रंग भिंतींना एकदाच लागला. कापला गेला प्रत्येकाकडून.

नऱ्ह्याच्या एका आयटीवाल्याने एकदा घरभाडे भत्त्यासाठी नानांचं पॅनकार्ड मागितलं. वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं की ते कंपनीला द्यावं लागतं. नानांचा चेहरा पडला. पुढच्या करारात भाडं महिना ८,३०० झालं. उरलेली रक्कम ‘मेंटेनन्स’ म्हणून, रोख, पाकिटात. बाराने गुणून पाहा, नानांचं पाठांतर चोख आहे.

तरी मला नानांची थोडी बाजू घ्यावीशी वाटते. त्यांच्या मामांची गिरगावात चाळ होती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने तिथली भाडी १९४० च्या आसपास गोठवून टाकली. पुढे खोलीच्या भाड्यात चहासुद्धा येईना. छप्पर कुठून दुरुस्त करणार? भाडेकरूंची नातवंडं तिथेच बारशाला आली, तिथेच बोहल्यावर चढली, आणि मामा त्यांच्याच इमारतीच्या जिन्यावरून चोरासारखे उतरत. लहानपणी हे पाहिलेला माणूस अकरा महिन्यांच्या पुढे कुणावर विश्वास ठेवेल कसा? फक्त मामांच्या भाडेकरूंचं उट्टं परभणीच्या पोरांकडून का काढायचं, हे नानांना विचारायची सोय नाही. विचारलंत तर कॉट जाते.

एका बाबतीत मात्र नाना काटेकोर आहेत. करार नोंदवतातच, स्वतः अंगठा द्यायला वेळेवर हजर. यात परोपकार नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते. ती टाळली आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. तेव्हा तुमचे नाना नोंदणीला टाळाटाळ करू लागले, तर त्यांना हे कलम नम्रपणे वाचून दाखवा. आणि डिपॉझिट हातात ठेवण्याआधी भिंतींचे फोटो काढून ठेवा.