काकूंची कॉम्प्युटरवरची गोधडी

भाईंदर पूर्वेला केबिन रोडवरच्या प्रत्येक सोसायटीत निवृत्तीनंतर काहीतरी शिकणारी एक बाई असते. कुणी हार्मोनियम शिकते, कुणी संस्कृत. शेजाऱ्यांना त्रास दोन्हींचा सारखाच. आमच्या मजल्यावरच्या काकू गोधडीचं सॉफ्टवेअर शिकतात. त्याला आवाज नसतो म्हणून सुरुवातीला आम्ही खूश होतो.

गोधडी त्यांना लहानपणापासून येते. सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या मुलीने घेऊन दिलं. तिकडच्या हौशी बायका दुकानातून कोरं कापड आणतात, त्याचे तुकडे करतात आणि ते पुन्हा जोडतात, हे कळल्यावर काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. ओहायोतल्या बोलिंग ग्रीन गावची ‘इलेक्ट्रिक क्विल्ट’ ही कंपनी १९९१ पासून या बायकांसाठी प्रोग्रॅम बनवते. पडद्यावर ब्लॉक निवडायचे, रंग भरायचे, चहूबाजूंनी काठ लावायचा. कापड किती लागेल ते यंत्र सांगतं.

काकूंना यंत्राची भीती नाही. नोकरीची सगळी वर्षं जिने सकाळची विरार लोकल भाईंदरला पकडली, ती माऊसला काय भिणार! आत शिरायला जागा दिसली नाही की त्या माऊसही कोपरासारखा चालवतात.

पहिला ब्लॉक त्यांनी निवडला ‘लॉग केबिन’. का, तर आपल्या रोडचा आहे. मधे एक चौकोन, भोवती पट्ट्या. मधला चौकोन म्हणजे घरातली चूल, म्हणून तो लाल करायचा, अशी तिकडची रीत. काकूंनी निळा केला. “आपल्याकडे गॅस आहे,” म्हणाल्या. ‘फ्लाइंग गीज’ नावाच्या त्रिकोणांना त्या सरळ बगळे म्हणतात. मिठागरांवर आम्ही तेच बघत आलो आहोत.

पण खरी मजा हिशेबात आहे. शिवल्यावर सहा इंचाचा चौकोन हवा तर कापायचा साडेसहाचा, कारण शिलाईत चारी बाजूंनी पाव-पाव इंच जातो. इथवर ठीक. पण तोच चौकोन दोन त्रिकोण जोडून करायचा असेल, तर सहा पूर्णांक सात अष्टमांशाचा चौकोन कापून तिरका चिरायचा. पावकी, निमकी, पाऊणकी घडाघडा म्हणणाऱ्या काकूंच्या वडिलांनाही सात अष्टमांशाचा पाढा येत नसणार. काकू आता लिफ्टमध्ये भेटेल त्याला हे समजावून सांगतात. आमची लिफ्ट सावकाश चालते.

मग साचे छापायची पाळी आली. झेरॉक्सवाल्या पोराने कागद दिले, काकूंनी त्यावरून कापड कापलं, आणि एकाही तुकड्याचं टोक दुसऱ्याला भिडेना. पोरगा म्हणाला, “काकू, पानावर मावत नव्हतं, मी बसवून दिलं.” त्याने मदत म्हणून सगळा साचा थोडासा आकसून छापला होता. तेव्हापासून काकू झेरॉक्सला जाताना पर्समध्ये फूटपट्टी नेतात. प्रिंट हातात पडली की गिऱ्हाइकांच्या रांगेतच ती मोजतात. मागच्या माणसाला आधारकार्डाची प्रत हवी असते. त्याच्याही आधारकार्डावर एकदा पट्टी ठेवून झाली.

काकांची नेमणूक रंगांसाठी आहे. पडद्यावर दोन हिरवे दाखवून “कुठला?” असं विचारलं जातं. “दोन्ही चांगले” हे उत्तर बाद आहे. “डावीकडचा” म्हटलं तर “का?” येतं. काका हल्ली संध्याकाळी बराच वेळ खाली बसतात.

भांडण मात्र वेगळ्याच जागी आहे, आणि त्यात मी काकूंच्या बाजूचा आहे. सॉफ्टवेअर विचारतं, कुठलं कापड हवं? गोधडी विचारते, घरात काय उरलंय? काकूंनी आईच्या पातळाचा फोटो काढून तो कापड म्हणून पडद्यावर चढवला. तेवढी सोय त्यात आहे. यंत्राने ते पातळ सगळीकडे सारखंच धड आहे असं धरलं आणि लांबी-रुंदीचा हिशेब दिला. पण नेसून नेसून पातळ बसायच्या जागी विरतं, निऱ्यांत फाटतं, आणि काठ तेवढे टणक राहतात. पूर्वीच्या बायका मधला विरलेला भाग काढून टाकत, दोन्ही तुकडे जोडून दंड घालत आणि आणखी काही वर्षं तेच नेसत. ही अक्कल ओहायोला कुणी कळवलेली नाही. काकूंनी मग विरलेल्या जागा पडद्यावर काळ्या करायला घेतल्या. नक्षी मागे पडली आणि फाटक्या पातळाचा नकाशा मात्र अचूक तयार झाला.

ही गोधडी नातवासाठी आहे. सुरू केली तेव्हा तो पाळण्यात होता. आता तो धावतो. काकू काळजी करत नाहीत, कारण पडद्यावर गोधडी मोठी करायला एक आकडा बदलावा लागतो. तो त्यांनी बऱ्याचदा बदलला आहे. मधल्या काळात जुन्या पद्धतीने, धावदोऱ्याने, लुगडं अंथरून शिवलेल्या दोन गोधड्या हातासरशी झाल्या. एक वॉचमनला दिली, एक माझ्याकडे आहे. उत्तम आहे. त्या काकूंच्या लेखी हिशेबात नाहीत, कारण त्यांचं डिझाइन केलेलं नव्हतं.

तेव्हा केबिन रोडच्या रहिवाशांना विनंती : स्टीलची भांडी या भाईंदरातच बनतात, ती कधीही मिळतील. जुनी सुती पातळं बोहारणीला देण्याआधी एकदा काकूंना दाखवा. पॉलिएस्टर आणू नका. ते सुईखाली सरकतं. आणि “झाली का गोधडी?” असं लिफ्टमध्ये विचारू नका.