मतदार नावाची अडचण

निवडणुकीतल्या गैरप्रकारांच्या मुळाशी जायचं ठरवलं की तिथे मतदार सापडतो. पाकीट कोण घेतं? मतदार. ढाब्यावर कोण जेवतं? मतदार. यादीत दोनदा नाव कोणाचं येतं, वारल्यावरही वेळ काढून मतदानाला कोण येऊन जातं, बोटावरची शाई कोणाची पुसली जाते? पुन्हा तोच. उमेदवार बिचारा या सगळ्यात नुसता खर्च करत असतो. तरीही आपण आचारसंहिता लावतो ती उमेदवाराला, भरारी पथक धावतं ते उमेदवाराच्या गाडीमागे, आणि रोगाचं मूळ मात्र गळ्यात ओळखपत्र अडकवून रांगेत शांतपणे उभं असतं.

मतदारच काढून टाकला तर हे सगळं एका फटक्यात संपतं. सुदैवाने हा उपाय ज्यांना सुचायला हवा होता त्यांना सुचला आहे, आणि महाराष्ट्र त्यात मागे नाही.

सुरुवात थोडी घाईची झाली, एवढंच. २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदाचा लिलाव झाला. बोली दोन कोटी पाच लाखांवर थांबली. नंदुरबारच्या खोंडामळीत बेचाळीस लाखांवर. उमराणे हे कांद्याच्या बाजारासाठी नावाजलेलं गाव. लिलाव म्हणजे काय हे तिथे शाळकरी पोरालाही शिकवावं लागत नाही. कांद्याचा लिलाव शेतकरी हात चोळत बघतो आणि पडेल भाव घेऊन घरी जातो. सरपंचपद हा त्या परिसरातला बहुधा एकमेव माल, ज्याला हमीभाव मागावा लागला नाही.

मला तर या प्रकारात काही वावगं दिसेना. एरवी निवडणुकीतला पैसा रात्री बाराच्या पुढे, लाइट घालवून, दाराच्या फटीतून वाटला जातो. इथे तो भर सभेत, सगळ्यांसमोर, आकडा पुकारून मोजला गेला, आणि जाणार होता गावातल्या मंदिराला. मतदाराच्या खिशात पाचशेची नोट गेली की ती भ्रष्टाचार. देवाच्या पेटीत दोन कोटी गेले की तो जीर्णोद्धार. पण या पारदर्शकतेचे व्हिडिओ फिरले आणि राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रियाच रद्द करून टाकली. आयोगाला एवढा उजेड सोसला नाही.

बाकीच्यांनी यातून योग्य तो धडा घेतला. धडा असा की लिलाव करावा, पण माइकवर करू नये.

माइक बंद झाला की त्याच गोष्टीला गावाची एकी म्हणतात. एकीला सरकारदरबारी मान आहे. गुजरातेत २००१ पासून समरस ग्राम योजना आहे. निवडणूक न होऊ देणाऱ्या गावाला तिथे रीतसर अनुदान मिळतं. आपल्याकडे २०२०-२१ मध्ये आमदारांनी स्वतः पुढाकार घेतला. बिनविरोध करा आणि पंचवीस लाखांचा विकासनिधी न्या, अशा जाहीर घोषणा झाल्या. निधी लोकांच्याच कराचा, रस्ता लोकांचाच, आणि तो मिळवायची अट एकच, की लोकांनी मत देऊ नये. आता हेही खरं की ग्रामपंचायतीची निवडणूक हा काही खेळ नसतो. दोन पॅनल पडले की भावकी फुटते, चुलतभाऊ बांधावरून कोर्टात जातो, पुढच्या लग्नाची पत्रिका येत नाही. त्यामुळे ‘भांडण नको, बसून मिटवू’ म्हणणारा माणूस लबाडच असतो असं नाही. फक्त बसायला कोणाकोणाला बोलावलं होतं, एवढं विचारावं. बहुतेक वेळा ज्यांच्या ओट्यावर बैठक झाली त्यांच्याच घरात पद गेलेलं असतं, आणि गाव ते दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून स्वतःच्या एकीचं कौतुक करतं.

हा ग्रामीण शोध शहरात यायला थोडी वर्षं लागली. २०२५ च्या शेवटी नगरपालिकांच्या निवडणुका लागल्या तेव्हा धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचात नगराध्यक्षासकट अख्खी नगरपालिका बिनविरोध झाली. सोलापूर जिल्ह्यातल्या अनगरमध्ये तर नगरपंचायतीची पहिलीच निवडणूक. नगरसेवकांच्या सगळ्या सतरा जागांवर एकेकच अर्ज आला. नगराध्यक्षपदासाठी तेवढी एक महिला आडवी आली आणि तिला अर्ज भरायला पोलीस बंदोबस्तात जावं लागलं. छाननीत तिचा अर्ज बाद झाला, कारण अर्जावर सूचकाची सही नव्हती. पोलीस मिळाले, सही तेवढी निसटली.

मग जानेवारी २०२६ मध्ये महापालिका आल्या. दोन तारखेला माघारीची मुदत संपली तेव्हा राज्यभरात साठाहून अधिक नगरसेवक एकही मत न घेता निवडून आलेले होते, जवळजवळ सगळे सत्ताधारी आघाडीचे, आणि कल्याण-डोंबिवली त्यात आघाडीवर. लोकसभेच्या बाबतीत केंद्रीय निवडणूक आयोगाने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं की बिनविरोध निवडून आलेले खासदार अगदी मोजके, तेव्हा काळजीचं कारण नाही. लोकसभेला इतक्या वर्षांत मोजकेच जमले, आपल्या महापालिकांनी ते प्रकरण एका माघारीत उरकलं. यावर राज्य निवडणूक आयोगाने अहवाल मागवले. अहवाल मागवणं ही आपल्याकडची सर्वात शांत कारवाई आहे. ती चालू असताना नगरसेवक शपथ घेऊन, समितीवर जाऊन, टेंडर काढून मोकळा होतो.

माझं मत असं की निवडणुकीचा खरा दिवस हा माघारीचाच मानावा. मतदानाला सुट्टी देण्यापेक्षा त्या दिवशी द्यावी. दुपारी तीनपर्यंत वेळ असते. सकाळपर्यंत ‘मरेन पण मागे हटणार नाही’ म्हणणाऱ्या अपक्षाला अकरा वाजता आईची तब्येत आठवते. बारा वाजता एकाला वॉर्डाच्या विकासाची एकाएकी ओढ लागते. एक वाजता कोणाची तरी जुनी बांधकामाची फाइल टेबलावर येते आणि दीड वाजता ती परत कपाटात जाते. पावणेतीनला शेवटचा माणूस गाडीतून उतरतो, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन हितचिंतक असतात, आणि तो स्वखुशीने सही करतो. स्वखुशी दिसावी म्हणून फोटोही काढतात. एवढं नाट्य मतदान केंद्रावर कुठे असतं? तिथे नुसती बीप वाजते.

तरीही या क्षेत्रातला मानाचा मुजरा सुरतलाच करावा लागेल. एप्रिल २०२४, लोकसभा निवडणूक. काँग्रेसचे उमेदवार नीलेश कुंभाणी यांनी अर्ज भरले. अर्जावर सूचक म्हणून घरचीच विश्वासातली माणसं, मेहुणा, भाचा आणि धंद्यातला भागीदार. छाननीच्या वेळी या तिघांनी प्रतिज्ञापत्रं दिली की या सह्या आमच्या नव्हेतच. अर्ज बाद. पर्यायी उमेदवाराचाही अर्ज तसाच बाद. दुसऱ्या दिवशी, बावीस एप्रिलला, उरलेल्या आठही जणांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल खासदार झाले. मतदान सात मेला होतं. सोळा लाखांवर मतदार पंधरा दिवस आधीच मोकळे झाले. उमेदवाराला लोकसभेसाठी पंचाण्णव लाख खर्चाची मुभा असते. ती इथे जवळपास कोरीच राहिली असणार. कुंभाणी नंतर बरेच दिवस कोणाला सापडेनात, आणि काँग्रेसने त्यांना सहा वर्षांसाठी निलंबित केलं. मेहुण्यावर काय कारवाई झाली हे घरच्यांनी बघायचं.

सुरत आणि अनगर ही दोन गावं शेजारी ठेवून बघितली की लक्षात येतं, आपण इतकी वर्षं उगाच मतदाराला राजा म्हणत आलो. राजा सूचक आहे. सोळा लाख लोकांची मनं वळवायची तर सभा घ्या, नट आणा, जाहीरनामा छापा, त्यात आधीच्या जाहीरनाम्यातलं काहीच झालं नाही हे लपवा. तीन माणसांचं मन वळवायला एक सोफा पुरतो. यापुढे पक्षांनी उमेदवाराच्या आधी सूचकाला सांभाळावं. आमदारांना जसं निकालानंतर रिसॉर्टवर नेतात, तसं सूचकाला अर्ज भरल्याबरोबर छाननी होईपर्यंत महाबळेश्वरला न्यावं. मोबाइल काढून घ्यावा. मेहुणा असेल तर बहिणीलाही बरोबर न्यावं.

जुनी मंडळी सांगतील, यात नवीन काय, यशवंतराव चव्हाणसुद्धा १९६३ मध्ये नाशिकहून लोकसभेवर बिनविरोधच गेले होते. गेले होते. चीनचं युद्ध नुकतं होऊन गेलं होतं, ते संरक्षणमंत्री होते, आणि विरोधकांनी त्यांच्यासमोर उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून वाट सोडली. त्या काळचा माणूस माघार घेऊन घरी जायचा. आताचा माघार घेतो आणि जाताना पक्ष बदलून जातो.

इंदूरला तसंच झालं. सुरतनंतर आठवडाभरात तिथल्या काँग्रेस उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि त्याच दिवशी तो भाजपवासी झाला. पण इंदूरकरांनी काम अर्धवट ठेवलं. इतर उमेदवार मैदानात राहिले, म्हणून मतदान झालं, आणि मतदान झालं की मतदार येतो. होळकरांच्या त्या शहरातल्या मतदाराने नोटाचं, म्हणजे ‘यापैकी कोणीही नाही’चं, बटण दाबलं. दोन लाख अठरा हजार सहाशे चौऱ्याहत्तर वेळा. नोटा दुसऱ्या क्रमांकावर, तिसऱ्या नंबरच्या उमेदवाराला त्याच्या पाव हिश्श्याएवढीही मतं नाहीत.

नोटाबद्दल महाराष्ट्राने खरं तर अभिमान बाळगायला हवा. २०१९ च्या विधानसभेत लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसरा, साडेसत्तावीस हजार मतं. पलूस-कडेगावला दुसरा, वीस हजारांच्या वर. २०२२ च्या अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीत भाजपने दिवंगत आमदारांच्या पत्नीसमोर परंपरा म्हणून माघार घेतली, काही किरकोळ उमेदवार तेवढे उरले, आणि नोटा बारा हजार आठशे सहा मतं घेऊन पुन्हा दुसरा. इतक्या सातत्याने दुसऱ्या क्रमांकावर राहणारा पक्ष राज्यात दुसरा नाही. शिवाय तो निकालानंतर गुवाहाटीला जात नाही, त्याच्यात फूट पडत नाही, त्याच्या चिन्हावरून कोर्टात तारखा पडत नाहीत. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने तर २०१८ मध्ये त्याला स्थानिक निवडणुकांपुरता ‘काल्पनिक उमेदवार’ असा दर्जाच दिला. त्याला सर्वाधिक मतं पडली तर निवडणूक पुन्हा घ्यायची. किती मोठं मन! फक्त रिंगणात हाडामांसाचा एकच उमेदवार उरला की हा काल्पनिक उमेदवार मोजायचा नाही, मतदानच घ्यायचं नाही. ज्या एकाच प्रसंगी त्याची खरी गरज, त्या प्रसंगी तो कल्पनेतही नसतो. बिनविरोध उमेदवाराने निदान थोडी मतं तरी मिळवावीत, अशी मागणी घेऊन काही लोक सर्वोच्च न्यायालयात गेले आहेत. एकट्या धावणाऱ्या माणसाला ‘शर्यत पूर्ण तरी कर’ म्हणण्याचा हा उद्धटपणा आहे.

आणि मतदार थोडे ठेवले तर चालतील का, या प्रश्नाचं उत्तर चंडीगडने दिलं आहे. ३० जानेवारी २०२४, महापौर निवडणूक, मतं सगळी मिळून छत्तीस. छत्तीस! आपल्याकडे हळदीकुंकवाला जास्त बायका असतात. त्यातलीही आठ बाद करण्यासाठी पीठासीन अधिकारी अनिल मसीह यांना स्वतः पेन घेऊन मतपत्रिकांवर खुणा कराव्या लागल्या, वर कॅमेरा आहे हे मध्येच आठवून त्याच्याकडे बघावंही लागलं. ते बघणं पुढे सर्वोच्च न्यायालयाने बघितलं, ती आठ मतं वैध ठरवली आणि हरलेल्या कुलदीप कुमार यांना महापौर केलं. एका पीठासीन अधिकाऱ्यावर ही वेळ कशाने आली? मतदार शिल्लक ठेवल्याने.

उलट दुसऱ्या टोकाला मारकडवाडी. माळशिरस तालुक्यातल्या या गावाला २०२४ च्या विधानसभा निकालाचा संशय आला आणि गावकऱ्यांनी ठरवलं, तीन डिसेंबरला आपल्या खर्चाने, आपल्या कागदावर, पुन्हा मत देऊन बघू. संशय म्हणजे पुरावा नव्हे, आणि त्या मतदानाला कायद्यात काडीची किंमत नव्हती. पण प्रशासनाची धावपळ बघा: जमावबंदी, गावात पोलीस, गुन्हे दाखल करण्याचे इशारे. गावकऱ्यांनी बेत रद्द केला, नंतर गुन्हेही दाखल झाले. साठाहून अधिक वॉर्डांत कोणी मत देणार नाही म्हटल्यावर अहवाल. एका गावात सगळे मत देणार म्हटल्यावर बंदोबस्त. शांततेला धोका नेमका कशाने पोचतो, याची प्रशासनाला जाण आहे.

याहून शुद्ध प्रयोग मुंबईने करून दाखवला. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची जवळपास चार वर्षं देशातल्या सर्वात श्रीमंत महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. प्रशासक होता. ना प्रचार, ना बोगस मतदान, ना बंडखोरी. खड्डे होते, पण ते नगरसेवक असतानाही होते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या म्हणून सांगितलं नसतं, तर हा प्रयोग अजून चालला असता. शेवटी १५ जानेवारी २०२६ ला मुंबईसह एकोणतीस महापालिकांचं मतदान झालं आणि दुपारपर्यंत बोटावरची मार्करची शाई निघते अशी ओरड सुरू झाली. बिनविरोध वॉर्डांतून अशी एकही तक्रार आली नाही.

तिथल्या विजयी नगरसेवकांचे फलक तेवढे लगेच लागले, मतमोजणीची वाट न बघता. वर साहेब, त्यांच्यावर मोठे साहेब, मधोमध हार घातलेले नगरसेवक हात जोडून, आणि खाली ठळक अक्षरांत मतदार बंधू-भगिनींचे जाहीर आभार. कशाबद्दल, ते लिहायला जागा उरली नव्हती. तिथे शुभेच्छुकांचे फोटो होते.